सेंद्रिय की नेहमीचं? कोकणातल्या घराने पिशवी भरण्याआधी करायच्या गोष्टी

सेंद्रिय माल घेताना बहुतेकांची चूक होते ती क्रमात. आधी लेबल बघतात, मग किंमत, आणि या वस्तूवर मुळात फवारणी होते का हा विचार घरी आल्यावर, किंवा कधीच नाही. त्यामुळे नाचणी सेंद्रिय, आमसुलं सेंद्रिय, फणसाचे तळलेले गरेसुद्धा 'ऑरगॅनिक' पाकिटातले. आणि वर्षभराच्या मालवणी मसाल्याची मिरची मात्र जिथे चार पैसे कमी पडले तिथली. ज्यावर औषध जवळजवळ पडतच नाही त्याला जादा पैसे, आणि ज्यावर भरपूर पडतं ते डोळे झाकून.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## तयारी: दोन याद्या आणि एक आकडा

पहिली यादी महिन्याची: भाजी, फळं, अंडी, तेल. दुसरी आगोटीची, म्हणजे पावसाआधी घरात भरून ठेवायच्या मालाची: तांदूळ, डाळी, कुळीथ, सुक्या मिरच्या, मसाल्याचं सामान, आमसुलं, चिंच, सुकी मासळी. आगोट विसरूच नका. मोठी खरेदी एकदाच होते आणि वर्षभर पोटात जाते, तरी सेंद्रियचा विचार लोक फक्त रोजच्या भाजीपुरता करतात.

मग ठरवा, महिन्याला जादा किती खर्च करता येईल. हा आकडा आधी ठरला पाहिजे, दुकानात उभं राहून नाही.

दोन गैरसमज इथेच बाजूला ठेवू. पहिला: सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही. तसं नसतं. सेंद्रिय शेतीत निंबोळी अर्क, दशपर्णी, गंधक, ठरावीक मर्यादेत बोर्डो मिश्रणासारखी ताम्रयुक्त औषधं चालतात. रासायनिक कीटकनाशकं, तणनाशकं आणि युरियासारखी खतं चालत नाहीत. दुसरा: सेंद्रियात जीवनसत्त्वं दुप्पट. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पोषणात फारसा फरक सापडला नाही. कीटकनाशकांच्या अंशांत मात्र सापडला: सेंद्रियच्या सुमारे ७ टक्के नमुन्यांत अंश, नेहमीच्या मालात ३८ टक्के. म्हणजे जादा पैसे द्यायचे ते अंश टाळण्यासाठी. ताकद येईल म्हणून देत असाल तर त्याच पैशात जास्त भाजी आणि मासळी घ्या.

सावधान: सेंद्रिय परवडत नाही म्हणून घरातली पालेभाजी कमी करणं ही सगळ्यात महागडी चूक.

## टप्पा १: यादीचे तीन भाग करा

प्रत्येक वस्तूपुढे खूण करा.

पहिला भाग, जादा पैसे देण्यासारखं. सुकी मिरची सर्वांत वर. बेडगी, संकेश्वरी, गुंटूर, काश्मिरी यांतली कुठलीच कोकणात पिकत नाही. सगळी बाहेरून येते. मिरचीच्या पिकावर फुलकिडे, कोळी, बुरशी यांसाठी वारंवार फवारणी होते, आणि फळ वाळलं की पाणी उडून जातं, अंश मात्र राहतात. शिवाय मसाल्याची मिरची आपण धुतही नाही. देठ काढून, उन्हात तापवून, भाजून थेट डंकावर. मसाला थोडा थोडा खाल्ला जातो हे खरं, पण रोज खाल्ला जातो. त्याच्या खालोखाल हिरवी मिरची, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर, वांगी, भेंडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, द्राक्षं. आणि हापूस, ज्यासाठी पुढे वेगळा टप्पा आहे.

कढीपत्ताही याच भागातला, पण त्याला पैसे कशाला? दारात एक झाड लावा आणि यादीतून खोडून टाका.

दुसरा भाग, विचारून घ्यायचं. तांदूळ, काजू, कलिंगड, चवळी, केळी, अंडी. यांत शेतकऱ्यागणिक फरक पडतो. कोकणातल्या भातावर कीटकनाशक घाटमाथ्यावरच्या भाजीच्या मानाने कमीच पडतं, पण युरिया पडतो आणि मजूर मिळेनात तसं तणनाशक वाढत चाललंय.

तिसरा भाग, लेबलसाठी एक रुपयाही जादा द्यायचा नाही. फणस, रातांबा (कोकम, ज्याची आमसुलं होतात), नाचणी, वरी, कुळीथ, नारळ, करवंदं, जांभळं, आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या: टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, शेवळं. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवरच्या नाचणीला किंवा भातानंतरच्या ओलीवर घेतलेल्या कुळथाला औषध मारायचा खर्च परवडत नाही, म्हणून कुणी मारत नाही. आमसुलं घेताना रंग मिसळलाय का आणि मीठ किती, एवढं बघा. रातांब्याचं झाड बहुधा कुणी लावलेलंही नसतं, फवारणार कोण?

सावधान: रानभाजी महामार्गाच्या कडेची किंवा तणनाशक मारलेल्या कलमाच्या बागेतली नको. टाकळा दोन्हीकडे सारखाच हिरवागार उगवतो.

तपासा: मासळी आणि मीठ यादीतून काढलंत ना? समुद्रातून पकडलेली मासळी सेंद्रिय म्हणून प्रमाणित होत नाही; तो शिक्का फक्त पाळलेल्या माशांना किंवा कोळंबीला मिळू शकतो. मीठ तर शेतीतून येतच नाही. 'ऑरगॅनिक मीठ' लिहिलेल्या पाकिटाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

## टप्पा २: माल कुठला, हे विचारा

कोकणातल्या बाजारातली बरीचशी भाजी घाट उतरून येते. चिपळूणला कुंभार्लीतून, रत्नागिरीला आंब्यातून, कणकवलीकडे फोंड्यातून, सावंतवाडीला बेळगावकडून आंबोलीतून. ती वाईट असते असं नाही, पण ती कुणी पिकवली हे समोरच्या विक्रेत्यालाही माहीत नसतं. तेव्हा तिथे 'सेंद्रिय आहे का' हा प्रश्नच वाया जातो. 'कुठली' एवढंच विचारा.

"मावशी, ह्यो माठ खंयचो?"

"परड्यातलो."

आठवडी बाजारात असं, म्हणजे घराच्या परसातलं, उत्तर आलं की टोपलीत डोकवा. एका बाईच्या परड्यात एका वेळी जेवढं होतं तेवढंच टोपलीत हवं: लाल माठाच्या दहा-बारा जुड्या, चार मुळे, एखादं पडवळ, थोड्या वालाच्या शेंगा, बाजूला दोन नारळ. जुड्या लहानमोठ्या, केळीच्या सोपाने नाहीतर सुंभाने बांधलेल्या, मुळांना तांबडी माती. त्याच टोपलीत एकसारख्या आकाराचा फ्लॉवर आणि ढोबळी मिरची दिसली तर ती घाऊक बाजारातून घेतलेली. तसं करण्यात गुन्हा काही नाही, पण तिला परड्यातल्या मालाचा भाव देऊ नका.

'गावठी' हा शब्द जातीबद्दल सांगतो, औषधाबद्दल नाही. गावठी वांग्यावरही फवारणी होऊ शकते. अंड्याचं कवच तपकिरी असणं हा कोंबडीच्या जातीचा गुण, खाद्याचा नव्हे.

काजूचं अजून वेगळं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली काजू बीही फोडली जाते. 'कोकणातला काजू' म्हणजे कोकणात पिकलेला की कोकणात सोललेला, हे आधी विचारा, सेंद्रियचं नंतर.

## टप्पा ३: हापूसचा निर्णय वेगळा घ्या

इथे सर्वांत जास्त पैसे जातात आणि फसवणूकही इथेच जास्त.

हापूसच्या कलमावर काय पडतं ते माहीत हवं. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक बागायतदारांना पाठ असतं: मोहोर यायच्या आधी पालवीवर पहिली फवारणी, मग बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना, आणि नंतर साधारण पंधरवड्याच्या अंतराने फळ धरेपर्यंत. तुडतुडे आणि भुरी यांनी मोहोर जळू नये म्हणून ही धडपड. हवामान ढगाळ राहिलं किंवा फुलकिडे वाढले की वेळापत्रकाबाहेरही फवारण्या होतात. याशिवाय मोहोर लवकर आणि दरवर्षी यावा म्हणून पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती मातीत पॅक्लोब्युट्राझॉल घालतात, बागेत त्याला सरसकट 'कल्टार' म्हणतात. ते मातीत बराच काळ टिकतं आणि सेंद्रियात चालत नाही.

म्हणून बागायतदाराला तीन प्रश्न, याच क्रमाने:

१. कल्टार शेवटचं कधी घातलं?
२. शेवटची फवारणी कधी आणि कशाची? फळ कुठल्या अवस्थेत होतं: वाटाणा, गोटी, सुपारी की अंड्याएवढं?
३. पिकवता कसे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. सेंद्रिय नसलेला, पण फळ गोटीएवढं असताना फवारणी थांबवून पुढे फळमाशीसाठी रक्षक सापळे लावणारा बागायतदार सापडला, तर शिक्क्याशिवायही त्याचा आंबा घ्यायला माझी हरकत नाही. 'काहीच मारत नाही' असं सांगून पेटीतला एकूण एक आंबा डागाविना दाखवणाऱ्यापेक्षा तो बरा.

तिसऱ्याचं उत्तर 'आढीत, पेंढ्यात' किंवा 'इथिलीनच्या खोलीत' असं यावं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) चालतो, मात्र इथेफॉनच्या पाण्यात आंबे बुडवणं नियमात बसत नाही. बाहेरून सगळीकडे सारखा पिवळा, हाताला कडक, वास नाही आणि देठाशी आंबट, असा आंबा आला तर कार्बाइडचा संशय धरा. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते.

सावधान: यांतल्या कशावरूनही 'सेंद्रिय' ठरत नाही:
– जीआय मानांकन. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं आणि ते फळ कुठलं एवढंच सांगतं.
– साका. तो फळ आतून बिघडण्याचा दोष आहे, सेंद्रिय आणि रासायनिक दोन्ही आंब्यांत निघतो.
– काळे डाग. करप्याचे ठिपके सेंद्रियात जास्त दिसू शकतात, पण फवारलेल्या बागेतही पाऊस लागला की येतात.

बजेट तोकडं असेल तर रायवळ, म्हणजे कलम न केलेल्या झाडाचा आंबा घ्या. उंच, जुन्या झाडावर पंप चढवायला कुणी जात नाही. आणि तोंड लावून चोखायचा तो रायवळच. हापूस धुऊन, साल काढून खावा. फक्त रायवळाचं झाड हापूसच्या बागेत उभं असेल तर वाऱ्याने उडालेलं औषध त्यावरही बसतं, एवढं लक्षात ठेवा.

## टप्पा ४: शिक्का वाचा

पाकिटावर 'नैसर्गिक', 'विषमुक्त', 'गावरान', 'फार्म फ्रेश' काहीही लिहिलेलं असो, त्याने सेंद्रिय सिद्ध होत नाही. 'रेसिड्यू फ्री' म्हणजे रसायनं वापरली, पण तपासणीत अंश मर्यादेखाली आले. तोही चांगला माल असू शकतो, मात्र तो सेंद्रिय नव्हे आणि त्या भावाने घेऊ नये.

प्रमाणनाच्या दोन वाटा आहेत. एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम): २००१ पासूनची, प्रमाणन संस्था येऊन शेत तपासते; निर्यातीला हीच लागते. पीजीएस-इंडिया (सहभागी हमी पद्धत): शेजारचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात; देशातल्या बाजारापुरती. पीजीएसमध्ये 'ग्रीन' असेल तर शेत अजून बदलाच्या काळात आहे, 'ऑरगॅनिक' असेल तर तो काळ पूर्ण झालाय. एनपीओपीत हा काळ हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, आंबा-काजूसारख्या बहुवर्षायूंना तीन वर्षं. गेल्या वर्षी रसायनं सोडली आणि यंदा 'सर्टिफाइड सेंद्रिय हापूस', असं होत नाही.

पाकिटावर जैविक भारतचं चिन्ह, खाली एनपीओपी किंवा पीजीएसचा उल्लेख, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक हवा. नुसता परवाना क्रमांक म्हणजे सेंद्रिय नव्हे. तो फरसाणाच्या पाकिटावरही असतो.

पेटीने आंबा किंवा पोत्याने तांदूळ घेताना दाखल्याची प्रत मागा आणि चार गोष्टी बघा. नाव विकणाऱ्याचंच आहे का, नसेल तर संबंध काय. मुदत संपलेली नाही ना. तुम्ही घेताय ते पीक यादीत आहे का. दाखला काजूचा आणि विक्री आंब्याची, असं सर्रास चालतं. आणि क्षेत्र किती. ही चौथी गोष्ट सहसा कुणी बघत नाही. दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १०० कलमं बसतात, आणि कोकणात हापूसचं सरासरी उत्पन्न हेक्टरी दोन-अडीच टनांच्या आसपास. पाव किलोच्या पाच डझनांची पेटी १५ किलोची धरली तर एका हेक्टरात साधारण १३० ते १६५ पेट्या. चांगल्या बागेला जास्तही निघतील. पण एक हेक्टरच्या दाखल्यावर हजार पेट्या विकणाऱ्याला उरलेल्या कुठून आल्या ते विचारा.

तपासा: दाखल्यावरचा क्रमांक एनपीओपी किंवा पीजीएसच्या संकेतस्थळावर घालून बघितलात? फोटो बदलायला वेळ लागत नाही.

## टप्पा ५: शिक्का नसलेल्या शेतकऱ्याशी बोला

दाखला नाही म्हणजे माल खोटा, असं समजू नका. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणनाची सक्ती नाही. जैविक भारतचं चिन्ह तेवढं त्याला लावता येत नाही. कोकणातले बहुतेक प्रामाणिक शेतकरी याच गटात आहेत.

'सेंद्रिय आहे ना?' असं विचारलंत तर 'हो' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: तण कसं काढता? खत काय घालता आणि कुठून आणता? भातावर निळे भुंगेरे किंवा वांग्यात अळी आली तेव्हा काय केलं? खरं करणारा माणूस या शेवटच्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलतो, नुकसान किती झालं तेही सांगतो. 'आमच्याकडे कीडच येत नाही' हे उत्तर मिळालं की नमस्कार करून निघा.

जमलं तर एकदा शेतावर जा, पावसाळ्यात. बांधावरचं गवत विळ्याने कापलेलं हिरवं असतं. तणनाशकाने मारलेलं पिवळं-तांबूस होऊन जागेवर आडवं पडलेलं असतं. हे लपवता येत नाही.

पहिल्यांदा थोडाच माल घ्या. पाच किलो तांदूळ शिजवून बघितल्याशिवाय वर्षाची बेगमी करू नका.

## टप्पा ६: पैसे वाटा

समजा, महिन्याला ५०० रुपये जादा देता येतात. वर्षाचे ६०००. त्यातला एक वाटा आधीच मसाल्याच्या मिरचीसाठी बाजूला काढा, एक हापूसच्या एक-दोन पेट्यांसाठी, उरलेला रोजच्या भाजीतल्या दोन-तीन वस्तूंसाठी, ज्या घरात सगळ्यात जास्त खाल्ल्या जातात. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्यांच्या ताटात काय जातं ते आधी बघा.

कोबी-फ्लॉवर सेंद्रिय मिळत नसेल तर वस्तूच बदला. हिवाळ्यात लाल माठ, मुळा, वाल. पावसाळ्यात काकडी, पडवळ, दोडकी, अळू. हंगामाबाहेरची भाजी मागितली की ती औषधाच्या जोरावरच येते.

## टप्पा ७: धुवा, दोन्ही प्रकारचा माल

सेंद्रिय आहे म्हणून न धुता खाणं ही चूक हमखास होते. शेणखताच्या शेतातल्या पाल्यावर जंतू असू शकतात.

क्रम असा: आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलं की अंश आणि माती आत जाते. पालेभाजी निवडून मोठ्या भांड्यात तीन पाण्यांनी, दर वेळी पाला वर उचलून. पाणी ओतून टाकलं तर माती पुन्हा पाल्यावर बसते. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. फळं आणि फळभाज्यांसाठी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे खायचा सोडा, १२ ते १५ मिनिटं, मग वाहत्या पाण्यात चोळून. सफरचंदांवरच्या २०१७ च्या अभ्यासात या प्रमाणाने सालीवरचे अंश साध्या पाण्यापेक्षा चांगले निघाले. कलिंगडसुद्धा कापण्याआधी बाहेरून धुवा. सुरी सालीतून आत जाते.

सावधान: साबण, भांड्याची पावडर, ब्लीचिंग नको. आणि आंतरप्रवाही औषधं फळाच्या आत गेलेली असतात, ती कितीही धुतलं तरी निघत नाहीत. म्हणून तर आधीचे सहा टप्पे.

## टप्पा ८: पावसाळ्यासाठी साठवण

सेंद्रिय तांदूळ-डाळी आणायच्या आणि टोके लागू नयेत म्हणून त्यात बोरिक पावडर चोळायची, नाहीतर डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकायच्या: हे अजूनही होतं. मग सेंद्रियचे पैसे दिलेच कशाला? गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या तर राहत्या घरात अजिबात आणू नका. ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. यात माणसं गेलेली आहेत.

मे महिन्यात डाळी, कुळीथ, वाल कडक उन्हात वाळवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच डबा बंद करा. गरम भरलं की आत घाम सुटतो. तुरीला, वालाला एरंडेलाचा हलका हात लावता येतो. तांदूळ कडक उन्हात ठेवू नका, कण्या होतात. सावलीत पसरून कोरडा करा आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. एका मोठ्या पिंपापेक्षा चार लहान डबे बरे, म्हणजे रोज उघडला जाणारा एकच राहतो. डब्यावर शेतकऱ्याचं नाव आणि महिना लिहा, पुढच्या वर्षी कुणाचा माल टिकला ते कळेल.

श्रावणात उघडीप मिळाली की डबे तपासा. टोके दिसलेच तर तांदूळ चाळून, सावलीत पसरून तो डबा आधी संपवा, आणि शेजारचा डबाही उघडून बघा.